मुलुंड नाका, पोर्ट ४४३

सर्व्हर बंद आहे.
पंखे थांबलेत, डिस्क गार,
तरी त्याच्या पोटातली नखाएवढी चिप
जागी असते दोन वॅटवर
एक छोटं दार उघडं ठेवून.
त्या दारावरचा कारकून मी लिहिते.

चांदिवली, सहावा मजला, रात्रीचे पावणेदोन.
मे महिन्यात स्वेटर घालून बसलेय लॅबमध्ये.

कोण? टोकन दाखव.
काय आणलंस? जेसॉन. बरं.
हे फील्ड आमच्या यादीत नाही.
हे रिकामं.
आणि याची लांबी, बाप रे,
अख्खी मेमरी गिळेल. परत जा, चारशे तेरा.

माझे वडील, भाऊ, मुलुंडच्या जकात नाक्यावर होते
तेवीस वर्षं. ट्रक मोठा, टेबल लहान.
बिल्टीवर लिहिलंय ते ताडपत्रीखाली आहे का,
एवढंच बघायचं.
आता नाका नाही, भाऊही नाहीत.
कार्बनचा निळा डाग तेवढा
त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर, धुऊनही.

संध्याकाळी कॉन्फिग कडक केली होती मी.
खटकलं की नाही म्हणायचं, बस्स.
कारण सांगायचं तर कोड वाढतो,
आणि फ्लॅशमध्ये जागा कुठाय?

मग विक्रोळीहून तुस्कानोचा फोन:
"रॅक नऊ तापतोय. पंखे वाढव म्हणून
चाळीस मिनिटं विनवतोय तुझ्या कारकुनाला.
चारशे म्हणतो. नुसतं चारशे.
चुकलं काय ते सांगेल तर शपथ."

चुकलं एवढंच होतं:
ऐंशी हा आकडा
अवतरणात घालून पाठवला होता त्याने.

भाऊंनी एकदा झेंडूचा टेम्पो परत पाठवला,
दसऱ्याच्या आदल्या रात्री.
वजन जुळेना.
पण पावतीच्या पाठीवर लिहून दिलं,
ड्रायव्हरच्या हिंदीत, मोठ्या अक्षरांत,
कुठला रकाना, किती किलो, सही कोणाची आणायची.
तासाभरात आला तो. फुलं अजून ओली.

मी दार सैल केलं नाही.
अवतरणातले ऐंशी अजूनही चालायचे नाहीत.
फक्त नकाराची कोरी पाठ भरली:
फील्डचं नाव, काय आलं, काय हवं होतं.
एकशे बारा बाइट वाढले.
त्यासाठी सुरुवातीचा 'सुस्वागतम्' काढून टाकला,
तसाही तो कोणी वाचत नव्हतं.

तीन वाजता तुस्कानो: "गेलं. ऐक."
आणि फोन त्याने
रॅकच्या तोंडाशी धरला.