कानावरची खूण

नारीनमध्ये वीज जाते ती सांगून जात नाही.
सव्वानऊला गेली, बारा मिनिटांनी आली,
आणि रक्तपेढीतला सर्व्हर उठला खरा,
पण तापातून उठलेल्या माणसासारखा:
हातपाय जागेवर, नाव मात्र विचारू नका.

मी विचारलं, तुझ्यात काय काय बसवलंय?
म्हणाला, काही नाही.
ज्या टर्मिनलमधून मी विचारत होते
तेही त्या काही नाहीतच जमा.

स्टेटसची फाइल उघडली.
आकार होता तेवढाच,
आत पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत
शून्य शून्य शून्य.
फाटलेलं पान परवडलं असतं.
शेजारी ठेवलेली जुनी प्रत बघितली,
तीही त्याच पाण्यात बुडालेली.

रात्रपाळीचा तुर्दाकुन चहा घेऊन आला.
"कोण मेलं?"
कोणी नाही, मी म्हणाले. सगळे घरात आहेत.
हजेरीपट गेला.

तो बाकावर टेकला.
कोलखोज मोडलं त्या हिवाळ्यात
कचेरीतल्या वह्या कोणीतरी शेगडीत घातल्या, म्हणाला.
चार हजार मेंढ्या, आणि कोणाची कुठली, पत्ता नाही.
"मग?"
"मग काय. कान बघितले.
डाव्या कानाला चीर, ती आमची.
उजव्याचं टोक छाटलेलं, ती पलीकडच्यांची.
वही जळते बाई. कान मेंढीबरोबर चालतो."

मी कान बघायला लागले.
डॉक नावाचं एक फोल्डर असतं, अडगळीतलं,
तिथे प्रत्येक पॅकेज आपल्या नावाचा खण ठेवून जातं:
परवाना, बदलांची यादी, कोणीही न वाचलेलं.
बाराशे अडतीस खण.
मोठ्याने वाचत नव्हते, तरी ओठ हलत होते.

बॅकअपमध्ये अकरा दिवसांपूर्वीची प्रत निघाली,
आवळून बांधलेली. सोडली, जागेवर ठेवली.
मधल्या दिवसांचं लॉगला विचारलं.
लॉग चुगलखोर, तारीखवार सांगतं:
मंगळवारी कोण आलं, गुरुवारी कोणाला काढलं.
मग एकेकाला पुन्हा बसवलं,
कोण कोणावर टेकलंय ते बघत,
आधी भिंत, मग आढं, मग त्यावरचं ओझं.

पहाटे तीनला एक उरलं.
लेबल छापणाऱ्या प्रिंटरचं.
लॉगमध्ये नाव होतं, कुठल्याच भांडारात नव्हतं.
जाझगुलने हाताने बांधलेलं,
नोकरीसाठी कझानला गेली त्याच्या आदल्या दिवशी.
तिच्या जुन्या फोल्डरात सापडलं, बिस्किटांच्या बिलाशेजारी.
बदलांच्या यादीत एकच ओळ:
"ओ आणि शून्य सारखेच छापले जात होते. वेगळे केले."

ती ओळ मी दोनदा वाचली.
दिवसभर एवढी शून्यं बघितल्यावर
कोणीतरी एकाला ओ म्हणून ओळखलं होतं.

प्रिंटर खोकला, पहिलं लेबल बाहेर आलं.
तुर्दाकुनने चष्मा चढवला, उजेडात धरलं.
"ही कोणाची मेंढी?"
जाझगुलची.
त्याने मान हलवली, जणू तो तिच्या बापाला ओळखत होता.
ओळखतही असेल.

चहावर साय धरली होती.
यादीत एका नावापुढे अजून अर्धवट लिहिलेलं,
कुठलातरी फॉन्ट आहे, कोणाला लागतो कोण जाणे.
ते उद्या.
वीज असली तर.