सुलभ

जुन्या गालिचागिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
चार बिऱ्हाडं, एक खोली.
ग्लेनिसचं सल्लाकेंद्र, मंगळवार ते गुरुवार,
इम्तियाजची हिशेबाची दोन टेबलं,
दानूताचं शिवणयंत्र, आणि तिच्या टाचण्या सगळ्यांच्या तळव्यांत.
खिडकीजवळच्या गार कोपऱ्यात मी आणि माझी भाषांतरं.
भाडं चौघांत, किटली एक,
वायफाय इम्तियाजच्या नावावर.

जुना स्कॅनर कागद गिळायचा.
वरून घाला, खालून येईल, असं त्याचं म्हणणं.
बहुतेक वेळा यायचाही.
फेब्रुवारीत, अस्मारा सोडून आलेल्या एका बाईंचा
जन्मदाखला त्याने अर्धा चावला.
आठ घड्यांचा कागद, घडीघडीला चिकटपट्टी.
इम्तियाज स्क्रूड्रायव्हर घेऊन गुडघ्यांवर बसला,
बाई काहीच बोलल्या नाहीत,
नुसता तळहात पुढे धरून उभ्या राहिल्या,
पोराच्या तोंडातलं नाणं काढताना धरतात तसा.

त्या दिवशी ठरलं, आता तोंड नसलेलं यंत्र.
सपाट. उघडा, ठेवा, झाका.
निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.
"तुला धीर आहे," ग्लेनिस म्हणाली.
माझ्या नावाचा अर्थ इथे कुणाला ठाऊक नाही,
मीही सांगत बसले नाही.
हॅलिफॅक्समध्ये मी नुसती सूला.

तीन आठवडे आकडे वाचले.
इंचात ठिपके किती, रंग किती लाख,
किती सेकंदात पान.
मग आकडे मिटले आणि ग्लेनिसचं बोट पाहिलं.
उजवी तर्जनी, संधिवाताने बाहेर वळलेली.
टचस्क्रीन त्या बोटाला ओळखत नाही.
तिला बटण हवं, खरंखुरं,
दाबलं की खाली जाणारं, आणि गेल्याचं कळणारं.
दानूताला झाकण असं हवं की
चार बोटं जाडीच्या पॅटर्नबुकावरही टेकेल.
इम्तियाजला स्वस्त. आणि पावती.

दुकानातला मुलगा म्हणाला, हा कुणीही वापरेल.
कुणीही म्हणजे कोण, मी विचारलं.
तो हसला, जरासा लाल झाला,
कुणीही म्हणजे तो स्वतः, हे दोघांच्याही लक्षात आलं.
शनिवारी मी ग्लेनिसलाच घेऊन गेले.
तिने पाच यंत्रांवर आपला बसचा पास पालथा घातला,
चौघांनी तिला प्रश्न विचारले:
कुठे साठवू, कुठल्या नावाने, कुणाला पाठवू, खाते आहे का.
पाचव्याने काही विचारलं नाही.
हिरवं बटण. खाली गेलं. टक.
काचेखालून उजेडाची एक काठी सरकत गेली
आणि ग्लेनिस, एकाहत्तर वर्षांची, म्हणाली,
"अगं, हा तर इस्त्री करतोय!"

पालथ्या घड्यावर पाणी, म्हणतो आपण.
इथे पालथ्या कागदावर उजेड,
आणि थेंबभर वाया जात नाही.

मे महिन्यात त्या बाई पुन्हा आल्या.
मी हात पुढे केला, त्यांनी दाखला दिला नाही.
स्वतः उघडलं, स्वतः ठेवला,
चारही कोपरे करंगळीने सरळ केले,
आणि उजेड जाऊन येईपर्यंत
झाकणावर तळवा ठेवून राहिल्या,
ताप बघतात तसा.
चिकटपट्टीची प्रत्येक रेघ आली होती प्रतीत.
फाटलेलंही, जुनं आणि आमचं, दोन्ही.

एक खोड आहे मात्र. जिभेविना यंत्र,
कागद परत देत नाही.
प्रत घेतात आणि अस्सल काचेवर विसरतात.
रोज सकाळी कोट काढायच्या आधी मी झाकण उघडते.
मिळतात: एक लायसन्स, बाहीचा अर्धा पॅटर्न,
पोराने काढलेला सहा पायांचा घोडा,
कुणाची तरी घटस्फोटाची तारीख.
सगळं बिस्किटांच्या डब्यात ठेवते,
डब्यावर ग्लेनिसने लिहिलंय: विचारा.

काल माझाच कागद सापडला,
चष्म्याच्या नव्या नंबराचा.
दोनदा वाचला तेव्हा कळलं.