लोकरीतच रंगलेला

स्लॅथवेट गावात कोल्न नदी
कधी निळी वाहायची, कधी काळी.
पाण्याकडे बघून बायकांना कळायचं
आज नवरा कुठल्या रंगाचे हात घेऊन
जेवायला येणार ते.

विल्फ थ्यूलिस, गिरणीतला रंगारी.
चॅपलच्या वार्षिक पत्रकात त्याच्याबद्दल छापून आलं :
'डाइड-इन-द-वूल मेथडिस्ट'.
हेस्टरनं विचारलं, म्हणजे काय?
सात वर्षांची होती.

त्यानं कोटाच्या बाहीतून एक तंतू उपसला,
खिडकीशी धरून नखानं पिंजला.
बघ. आतही निळाच.
थान विणून झालं की मग रंगवतात, ते निराळं.
ही लोकर कातायच्याही आधी हौदात गेलेली.
झिजेल, पण निळीच झिजेल.

(आपण म्हणतो, हाडाचा.
तिथं हाडापर्यंत जायची गरज पडत नाही,
लोकरीवर भागतं.)

नोरीन तेव्हा बटाटे सोलत होती.
तिचा कोट स्वस्तातला, थानात रंगवलेला,
कोपरांवर पांढरा पडलेला.
शनिवारी रात्री ती दौत घ्यायची,
बोळ्यानं तेवढी जागा निळी करायची
आणि रविवारी चॅपलला जायची,
हात अंगाशी धरून, शाई वाळली नसेल म्हणून.

मेयोहून आलेली कॅथलिक पोर.
लग्नासाठी चर्च सोडलं, भाऊ सोडले.
वीज कडाडली की हात आपसूक कपाळाकडे जायचा
आणि वाटेत शहाणा होऊन
केस सारखे करून परत यायचा.
एकेचाळीस वर्षं. एक रविवार चुकला नाही,
हेस्टरच्या जन्माचा सोडून.

पत्रकात तिचं नाव कधी आलं नाही.
आलं असतं तर कुठलं विशेषण लावलं असतं?

गिरणीत आता फ्लॅट आहेत.
नदीला पाण्याचाच रंग आहे.
हेस्टर दोन्ही कोट पलंगावर पसरून बसली आहे,
एकच ठेवायचा म्हणून.

बाबांचा अजून कसा निळाशार.
पण लोकरीला विचारलं होतं कुणी,
हौदात टाकताना?

ती आईची बाही उलटी करते.
कोपरापाशी शाईचे थर, एकावर एक,
कडेला जांभळे झालेले,
आणि एका ठिकाणी, बहुधा घाईत,
बोटाचा ठसा.