चौदा पॉइंट एक

धक्क्याला बांधलेली असली की बोट सज्जन.
मीटरचे दोन्ही चिमटे बॅटरीला लावले,
रूपचंदनं रेस दिली:
चौदा पॉइंट एक.
पुसून पुन्हा लावले. चौदा पॉइंट एक.
"पाह्य," मी म्हणालो, "चार्जिंग तर होऊन राहिली."
तो काहीच बोलला नाही.
अंबाझरीच्या जलपर्णीकडे पाहत राहिला,
जशी तिनंच साक्ष फिरवली.

ही तिसरी बॅटरी.
पहिली दिवाळीत गेली, दुसरी शिवरात्रीच्या आत.
सकाळी चावी फिरवावी तर नुसतं टक.
संस्थेचे सेक्रेटरी बुरडकर
रजिस्टरातून डोकं न काढता म्हणाले होते,
"बॅटऱ्या कुठं जाते, हे आम्हालेबी समजते."
तेव्हापासून रूपचंद नान्हे
रात्री बोटीतच झोपतो,
एक हात बॅटरीच्या पेटीवर टाकून.

मे महिना, दुपारचे दोन.
पाना उचलायचा तर फडक्यानं.
बेल्ट अंगठ्यानं दाबला, दबायचा तेवढाच दबला.
ब्रश काढून पाहिले, अजून दोन उन्हाळे निघतील.
दुकानातून आणलेला कटआउट लावून पाहिला,
वायरी हलवल्या, ओढल्या,
डायनामोला पान्याच्या दांडीनं दोन टोले दिले.
चौदा पॉइंट एक.
साहेब आले की
पाढे घडाघडा म्हणणारं पोरगं असतं एकेक वर्गात,
तसं.

"मी खोटं नाही बोलून राहिलो, भाऊ."
हे तो मला म्हणाला की इंजिनाला, कळलं नाही.

गड्डीगोदामच्या दुकानात
असल्या गिऱ्हाइकांना मी सरळ सांगतो:
बिघडलेली असेल तेव्हा आणा.
चिमटे गुंडाळताना तेच तोंडात आलं होतं.
का कोण जाणे, विचारलं,
"होते तरी कधी?"
"माणसं बसली की."
"किती?"
"पाच-सहा. अन् बेटाकडं डाव्या अंगाला वळलं, की."
"मंग आधी काहून नाही सांगितलं?"
"कोणी इचारलंच नाही."

पाण्यात डुंबणारी सहा पोरं हाकारली.
उसाच्या रसाच्या बोलीवर
ती ओल्या अंगानं डाव्या फळीवर दाटीनं बसली.
मी खाली, डिझेलच्या वासात, पालथा,
नजर आकड्यावर.
बोट वळली.
पेटी सरकली बोटभर.
बारा पॉइंट तीन.
"धर! असंच धर!" मी ओरडलो,
पोरांना वाटलं बोट बुडते,
ती खुशीत किंचाळली.

काळी केबल, बॅटरीपासून इंजिनाच्या अंगापर्यंत,
पेटीच्या मागं ताणून तार झालेली.
मधोमध टेपचा जोड.
टेप सोलली. आत तांब्याचं हिरवं पीठ,
आणि तीन-चार तारा, एकमेकींना शिवून न शिवल्यासारख्या.
माणसं उतरली की चिकटायच्या.
माणसं बसली की सुटायच्या.

टेपचं टोक आत दुमडलेलं होतं,
पुढच्या माणसाला नखानं सापडावं म्हणून.
असं गड्डीगोदामात एकच जण दुमडतो.
मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, घाईत,
"चालते बे, उद्या नवी टाकू."

"काय होतं?" रूपचंदनं विचारलं.
"अर्थ," मी म्हणालो. "अर्थ ढिला होता."
तेवढंच म्हणालो.
तो हसला, बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा.
"मंग बुरडकरले सांगसान ना तुम्ही? तुमच्या तोंडानं?"
सांगितलं. बुरडकरांनी रजिस्टरातून डोकं काढलं,
"अस्सं," म्हणाले, आणि पुन्हा घातलं.

नवी केबल, दोन्ही टोकांना लग, वर ग्रीस.
मजुरीचे तीनशे त्यानं मोजून दिले.
मी घेतले.
जुनी टेप खिशात होती, मांडीला चिकटत होती.

पोरांना रस मी पाजला.
पुढच्या मंगळवारी, कोणी बोलावलं नसताना,
मीटर घेऊन पुन्हा धक्क्यावर गेलो.
रूपचंद नव्हता. घरी झोपायला गेला होता.
पेटी उघडली, चिमटे लावले,
मग आठवलं, चावी त्याच्याकडे आहे.