बे

पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्याच रात्री
मी एकाला म्हणालो, "सर की बे जरा,"
आणि खोली एकदम गप्प.
तो म्हणाला, "शिवी कुणाला देतोस?"
मी बॅग उघडून शेंगाचटणीची पुडी पुढं केली,
तरी तो महिनाभर मला अहो-जाहो करत राहिला.

त्याला कसं सांगायचं,
आमच्या सोलापुरात हा शब्द
खांद्यावर टाकलेल्या हातासारखा असतो.
हात काढला
तर समोरचा विचारात पडतो,
काय चुकलं माझं?

राजेशम बोद्दुल आणि मी
साखर पेठेतल्या शाळेत एकाच बाकावर
बे एके बे म्हणत मोठे झालो.
गुरुजींनी मला उभं केलं
की तो खालून ढोसायचा, "सांग की बे, सांग बे,"
आणि गुरुजींना कळायचं नाही
पाढा चालू आहे का भांडण.

घरी जाताना नजमा खालांच्या ओट्यावर
पोरं डुलत असायची: अलिफ, बे, पे, ते.
खाला पाटीवर होडी काढायच्या,
होडीखाली एक टिंब.
"ही बे. हिची किंमत दोन."
आम्ही हसायचो. दोन तर आम्हालाही येत होतं.
"टिंब पाण्यात पडलंय का?" राजेशमनं विचारलं एकदा.
खालांनी त्याला गुळाचा खडा दिला.

खालांच्याच बोलीत आणखी एक बे होता.
तो शब्दाच्या दारात उभा राहतो
आणि आतलं सामान बाहेर काढतो.
कारखान्यावर नोटीस लागली
तेव्हा राजेशमच्या बापाला तो चिकटला:
बेकार.
चोवीस माग बंद,
शेवटच्या चादरीवरचा मोर
अर्ध्या पिसाऱ्यात थांबलेला.
'कार' म्हणजे काम,
हे मी पुढं कधीतरी शब्दकोशात पाहिलं.
त्याच्या बापाला बघावं लागलं नाही.

कोपऱ्यावर शिवगंगव्वा कडक भाकरी विकायची.
तिचा पोरगा कानडीत हाक द्यायचा, "यवा, बे..."
तिच्या घरात बे म्हणजे जवळजवळ आईच.
राजेशमही तिला तसंच म्हणू लागला,
फुटक्या भाकरीच्या आशेनं.
मिळायचीही.
त्याची स्वतःची आई विड्या वळत
तेलुगूत मोजायची, ओकटि, रेंडु, मूडु,
हजार झाल्याशिवाय मान वर नाही.
तिच्या मोजण्यात बे नव्हता,
आणि हाक मारायला वेळ नव्हता.

मग तो सुरतेला गेला.
साड्यांचे माग, बारा तासांची पाळी.
पहिल्या सकाळी टपरीवर उभा राहून
सवयीनं म्हणाला, "काय बे, चहा दे की."
टपरीवाल्यानं दोन कप ठेवले.
तिकडं बे म्हणजे दोन,
आपल्या पाढ्यातलाच,
फक्त तिकडं तो पाढ्याबाहेरही राहतो.
हे त्यानं फोनवर सांगितलं, हसत हसत.
"मग?"
"मग काय बे. एक पिलो.
दुसरा थोडा वेळ समोर ठेवला."

मी काही बोललो नाही.
त्याच्या मागं मागांचा आवाज होता,
खट खट, खट खट,
दोन-दोनचा.

माझी पोरगी आता पाढे म्हणते:
टू वन्जा टू, टू टूजा फोर.
चांगलं म्हणते, चुकत नाही.
काल संध्याकाळी मात्र खिडकीत लोंबकळून
खालच्या मैत्रिणीला ओरडली,
"काय करू लालीस बे? ये की वर!"
बायको म्हणाली, "ऐका, पोरीची भाषा ऐका."
मी म्हटलं, "म्हणू दे.
पाढा चाललाय तिचा."