एकाच कानाचा फोन

बुसियात नदीपेक्षा लांब असते ट्रकांची रांग.
फाटकाच्या अलीकडे केनिया, पलीकडे युगांडा,
मधे माझी टपरी.
पत्र्याला दोन्ही देशांचं ऊन लागतं,
फोनला दोन्हींचं नेटवर्क.

असेकेन्ये सुईण आली ती गुरुवारी.
काउंटरवर फोन आपटला नाही, ठेवला.
आपटला असता तर बरं वाटलं असतं.
म्हणाली, हा खोटं बोलतो.

मी मागचं झाकण काढलं.
शेजारी शेजारी दोन घरं:
एकात हिरवं सिम, इकडच्या बायकांसाठी,
एकात पिवळं, तिकडच्या.
पिवळ्याचा कोपरा कात्रीनं कापलेला,
माझीच कात्री, मागच्या वर्षीची.
बटणांच्या फटींत पावडर, आणि काहीतरी सुकलेलं,
कशाचं ते मी विचारलं नाही.

मंगळवारी रात्री मातायोसची नासुबो, पहिलटकरीण.
तिच्या नवऱ्याला ही फोनवर सांगत होती
पाणी उकळ, ब्लेड नवं घे,
घाबरू नकोस, घाबरायचं काम तुझं नाही.
अकरा मिनिटं.
त्याच अकरा मिनिटांत दाबानीहून
अपोलोतच्या सासूनं सात वेळा लावला.
सातही वेळा कुणा गोड गळ्याच्या बाईनं तिला सांगितलं,
ही व्यक्ती संपर्कक्षेत्राबाहेर आहे.

"आणि मी तर जागी होते," असेकेन्ये म्हणाली,
"चपला घालून बसले होते."

पोर जगलं.
अपोलोत अजून मासाफूच्या दवाखान्यात, सलाईनवर.

कसं समजावायचं?
एका म्यानात दोन तलवारी राहतात, बाई, याच्यात,
पण उपसता येते एकच.
सिमं दोन, रेडिओ एक.
रिकामा असतो तेव्हा हा इमानी:
क्षणभर हिरव्याच्या दाराला कान, क्षणभर पिवळ्याच्या,
कुणी हाक मारली का, कुणी हाक मारली का,
रात्रभर, तुमच्या उशाशी, उजेड न लावता.
पण एकीकडे बोलणं सुरू झालं
की दुसरं दार त्याच्यापुरतं भिंत,
आणि भिंतीला कळत नाही
पलीकडून कोण धडका देतंय.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली,
"म्हणजे माझ्यासारखाच."
आणि लगेच, "नाही. मी निदान वळून बघितलं असतं."

महागातले मिळतात, दोन रेडिओंचे.
किंमत ऐकून ती हसली.
एका बाळंतपणाची तिला एक कोंबडी मिळते,
तीही बारशानंतर, आठवण राहिली तर.

मी खोक्यात हात घातला.
दोन जुने बटणांचे फोन,
एकाचा पाचाचा आकडा अडकायचा,
थिनर आणि टूथब्रश घेऊन अर्धी दुपार घासला.
पैसे लिहून ठेवले.
कुठे, ते आता सापडत नाही.

एक डाव्या कमरेला, एक उजव्या,
लेसोच्या गाठीत दोन देश खोचून
ती फाटकातून गेली.
कस्टमवाल्यानं फक्त पिशवी उघडून पाहिली.

रात्री झोप येईना.
चालतात की नाही बघू तरी, म्हणून
माझे दोन फोन दोन हातांत धरून
तिचे दोन्ही नंबर एकदम लावले.
दोन्ही वाजले.
दोन्ही उचलले गेले, पहिल्याच रिंगला.
डाव्या कानात केनिया, उजव्यात युगांडा,
दोन्हीकडून तिचाच आवाज,
उजवीकडचा जरासा मागून,
झोपेचा लवलेश नसलेला:

"कोण? कळा किती अंतरानं?"