दोन बोटं लाकूड

वेइयो गेल्यावर रायफल माझ्या नावावर झाली.
कुह्मोच्या पोलीस ठाण्यातून कागद आला, शिक्का आला.
खांदा तेवढा माझा मलाच आणावा लागला.

खडीच्या खाणीत पहिल्या दिवशी पाच गोळ्या.
रात्री साउनात लेम्पीनं पाहिलं,
गळ्याच्या हाडाखाली तळहाताएवढं काळंनिळं.
तापल्या दगडांवर पाणी ओतत म्हणाली,
"तू तिला दारात उभी करतेस, म्हणून लाथ बसते.
आत घे. घट्ट, पण पाहुण्याला धरावं तशी,
चोराला धरतात तशी नको.
फट ठेवलीस, की त्या फटीतूनच मारते."

दस्ता लांब होता, वेइयोच्या हातांच्या मापाचा.
ओइवानं करवत लावली,
दोन बोटं लाकूड काढलं, रबराची गादी बसवली.
कापलेला तुकडा मी मागून घेतला.
कशाला, ते त्यानं विचारलं नाही.

मग लेम्पी पाठमोरी होऊन रायफल भरू लागली,
कधी काडतूस घालून, कधी नुसतीच.
सांगायची नाही.

मी चाप ओढला.
टक्.
आवाज नाही, धूर नाही,
आणि नळी वीतभर खाली गेलेली,
डोळे मिटलेले, दातावर दात,
न आलेल्या धक्क्यापुढे सगळं अंग वाकलेलं.

लेम्पी हसेल असं वाटलं. हसली नाही.
"यातलं बंदुकीचं काहीच नाही," म्हणाली,
"हे सगळं तुझं."

मार्चपासून माझं हेच चाललं होतं.
फोन वाजला की खांदा वर,
अंगणात गाडी वळली की खांदा वर.

शंभरदा टक्. दोनशेदा.
स्वयंपाकघरात, दिवा मालवून, रिकामी रायफल भिंतीकडे रोखून.

ऑक्टोबरात दलदलीच्या कडेला
कुत्र्याचं भुंकणं लांबून जवळ आलं, थांबलं.
बर्च झाडांतून मूस बाहेर पडला,
ओल्या पाठीवरून वाफ निघत होती.
अर्धा श्वास सोडला, अर्धा ठेवला.
गोळी कधी सुटली कळलं नाही.
धक्का तर नाहीच,
आवाजसुद्धा कुणा दुसरीच्या बंदुकीचा वाटला.
तीन पावलं चालला तो. चौथं उचललं, टाकलं नाही.

रात्री आरशापुढे खांदा चाचपून पाहिला.
कुठेच डाग नाही.
का कोण जाणे, जरा वाईटच वाटलं.

उत्तरेकडची खिडकी वाऱ्यानं आपटते,
तिच्या सापटीत तो तुकडा खोचून ठेवलाय.
बरोबर बसतो.